जि.प. शाळेतले जुने कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचेत, आपल्या भागात कुणी केलंय का?

पाटी_पेन्सिल, तासगाव

नमस्कार सगळ्यांना. मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सहावी-सातवीला शिकवते. शाळा पहिली ते सातवी. आमच्याकडं एका खोलीत ११ कॉम्प्युटर आहेत. पाच कोअर टू ड्युओवाले, २ जीबी रॅम, विंडोज ७. दोन त्याच्याहून जुने, पेंटियम फोर. आणि चार जरा बरे, आय थ्री चौथ्या पिढीचे, ४ जीबी रॅम, गावातल्याच एका माजी विद्यार्थ्यानं त्याच्या ऑफिसातले बदलले तेव्हा शाळेला दिले, त्यावर विंडोज १० आहे. शिवाय ऑफिसात मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक वेगळा, प्रिंटरसकट.

अडचण अशी की विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपला, आणि आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पण संपला. विंडोज ११ वर जायचं म्हटलं तर टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) पाहिजे, इंटेलचा आठव्या पिढीपासनं पुढचा प्रोसेसर पाहिजे, आमच्यातला एकही त्यात बसत नाही. जुने सात तर चालू व्हायलाच एवढा वेळ घेतात की ३५ मिनिटांच्या तासात पोरांच्या हाताला माऊस लागेपर्यंत घंटा होते. पेनड्राइव्ह कुणीतरी बाहेरनं आणतं आणि मग सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होऊन बसतात.

शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला. काहीजण म्हणाले लोकवर्गणी काढून नवीन घेऊ, पण यंदा द्राक्षाचं काय झालंय ते सगळ्यांना माहिती आहे, लोकांकडं कुठल्या तोंडानं मागायचं. एकजण म्हणाले दुकानदार थोड्याशा पैशात नवीन विंडोज टाकून देतोय की. ते मला अजिबात नको आहे. वर्गात आपण पोरांना दुसऱ्याचं बघून लिहू नका म्हणून सांगायचं आणि त्याच पोरांना लायसन नसलेल्या, क्रॅक केलेल्या विंडोजवर बसवायचं, हे मला पटत नाही.

म्हणून लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत सिस्टीमचा विचार करतेय. मी स्वतः घरच्या लॅपटॉपवर त्यातलंच उबंटू वापरलंय, पण एक लॅपटॉप वेगळा आणि आख्खी लॅब वेगळी. मला विचारायचंय की एवढ्या जुन्या मशीनवर खरंच चालतं का, मराठी टायपिंगचं काय करता, यू-डायस, सरल, शालार्थ या सरकारी पोर्टलवरची माहितीची, पगाराची कामं अडतात का, आणि परवानगी कुणाची घ्यायची. साताऱ्याकडं किंवा आपल्या सांगलीत कुणी शाळेत केलं असेल तर जरा सविस्तर लिहा, सात-आठ लोकांना समजावून सांगायचंय मला.


माणदेशी_मास्तर, दहिवडी

मॅडम, आमच्या शाळेची लॅब गेल्या वर्षीपासनं पूर्ण लिनक्सवर हाय आणि रोज चालतीय, त्यामुळं नेटानं करा. पण पहिली गोष्ट ही की लॅब आणि ऑफिस दोन वेगळी कामं धरा. ऑफिसच्या मशीनला आत्ता हातच लावू नका. पोरांची लॅब आधी करा. तिथं कुणाची जुनी फाईल अडकलेली नसते, कुणाचं बिल थांबत नाही, आणि शिक्षकांना रोज बघून बघून सवय होत जाती. बऱ्याच ठिकाणी ऑफिसपासनं सुरुवात करत्यात आणि मग एक बिल वेळेत गेलं नाही की सगळं परत फिरतं.

आता मशीनचं. हार्डडिस्कला हात न लावता आधी पेनड्राइव्हवरनं चालवून बघा. लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ३ जीबीच्या आसपासची फाईल हाय, शाळेच्या नेटवर नको, घरनं उतरवून आणा, व्हेंटॉय नाहीतर रुफस या सॉफ्टवेअरनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. चालू झालं की आवाज येतोय का, लॅनची वायर लावल्यावर नेट येतंय का, प्रोजेक्टर दिसतोय का, हेडफोनचं भोक चालतंय का एवढं प्रत्येक मशीनवर बघा आणि वहीत लिहा. मशीन नंबर एक, हे चाललं, हे नाही. ही वही पुढं लय उपयोगी पडती.

दुसरं, झाकण उघडून मदरबोर्डवरचा गोल सेल बदला, सीआर २०३२ म्हणत्यात, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. शाळांतली मशीनं उन्हाळ्यात, दिवाळीत बंद पडून असतात, त्यात हे सेल मरत्यात. सेल गेला की चालू करताना दरवेळी एफ १ दाबा म्हणून अडतं, तारीख कुठंतरी २००७ वगैरे मागं जाती, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर सुरक्षित साईट उघडतच नाही. आणि मग लोक म्हणणार बघा, लिनक्स टाकलं आणि नेट बंद पडलं. पंचवीस-तीस रुपयाच्या सेलपायी आख्ख्या कामाचं नाव खराब व्हायला नको.

रॅम आणि डिस्क. मी खरं सांगतो, लिनक्स हलकं हाय पण ब्राउझर हलका नाही. २ जीबीवर मिंट उठतं, लिब्रे ऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) उघडतं, टक्स पेंट हे चित्रांचं, जीकॉम्प्रिस हे शिकण्याच्या खेळांचं झकास चालतं, पण फायरफॉक्समध्ये यूट्यूब लावलं की मशीन बसतं. त्यामुळं तुमच्या कोअर टू ड्युओना जमलं तर ४ जीबी करा. आधी उघडून बघा, बहुतेक डीडीआर २ असणार, काहींना डीडीआर ३ असती, बघितल्याशिवाय रॅम आणू नका. पैसे थोडेच असतील तर रॅमच्या आधी एसएसडी, म्हणजे नवीन पद्धतीची वेगवान डिस्क घ्या, १२० जीबीची लहानातली पुष्कळ झाली. जुनी हार्डडिस्क काढून ती लावली की तेच मशीन वेगळंच वाटतं, पोरांना वाट बघायला लागत नाही. वर्गणीच काढायची तर नव्या कॉम्प्युटरला नको, याला काढा. एकेका माणसानं एका मशीनची एसएसडी दिली तरी काम होतंय, आणि देणाऱ्याला पण दिसतं की आपलं मशीन हे.

कामं पण वाटून द्या. आय थ्री नेटला, जुनी पाच चित्र, टायपिंग, गणिताचे खेळ आणि स्क्रॅचला (पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं सॉफ्टवेअर). आणि नेटवर अवलंबूनच राहू नका, आमच्याकडं तर लाईटीचा भरवसा नाही तिथं नेटचं काय घेऊन बसलाय. किविक्स म्हणून सॉफ्टवेअर हाय, त्यात आख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. एका आय थ्रीवर ठेवायचा आणि लॅनवरनं बाकीच्या मशीनवर उघडायचा. फेट सिम्युलेशन, स्क्रीनवर विज्ञानाचे प्रयोग करायची, ती कोलोरॅडो विद्यापीठाची, मराठीत पण हायत, ती एकेक उतरवून ठेवता येत्यात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये ठेवा. नेट गेलं तरी तास बुडत नाही.

फेटवरचं सर्किटचं सिम्युलेशन आम्ही सातवीला लावलं होतं. एका पोरीनं बॅटरीच्या दोन्ही टोकाला सरळ वायर जोडली, बल्ब मध्ये घेतलाच नाही, स्क्रीनवर बॅटरीनं पेट घेतला. तिनं लगेच विचारलं, "सर, बल्ब मधी नसला तर का पेटतंय?" शॉर्टसर्किट मी फळ्यावर शिकवतोच, पण हा प्रश्न फळ्यावरनं कधी आला नव्हता.

शॉर्टकट व्हायरसचं म्हणाल तर तो विंडोजसाठी लिहिलेला असतो, लिनक्सवर चालत नाही. पेनड्राइव्ह लावला तर तो व्हायरस नुसती एक फाईल म्हणून दिसतो, डिलीट करायचा. अँटीव्हायरसचं दरवर्षीचं नूतनीकरण सुटलं आमचं.


टाइपरायटर_ते_युनिकोड, कराड

मी माध्यमिक शाळेत लिपिक आहे. मास्तरांचं लॅब आणि ऑफिस वेगळं ठेवायचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ऑफिसच्या बाजूनं थोडं सांगतो, कारण नंतर गाडी तिथंच अडते.

यू-डायस प्लस, सरल, शालार्थ ही सगळी कामं ब्राउझरवर होतात, त्यामुळं मशीन कुठलं आहे याच्याशी त्याचा फार संबंध नाही. संबंध येतो तो तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे एक्सेलच्या तयार फाईली. वरनं माहिती मागवतात ती एक्सेलमध्ये, त्यात कुणीतरी मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) घातलेले असतात, लॉक केलेले रकाने असतात, ते लिब्रे ऑफिस कॅल्कमध्ये उघडतं पण मॅक्रो नीट चालेलच असं नाही. पगारपत्रकाच्या, निकालपत्रकाच्या फाईली शिक्षकमित्रांनी बनवलेल्या फिरत असतात, त्या पण तशाच. एकेक उघडून बघायला लागते.

दुसरं डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचं छोटं यंत्र. तुमच्या मुख्याध्यापकांना लागत असेल तर तो आधी लिनक्सवर चालवून बघितल्याशिवाय काही बदलू नका.

तिसरा प्रिंटर. एचपीचे १०२० सारखे जुने लेझर लिनक्सवर चालतात, एचपीलिप नावाचं पॅकेज असतं, फक्त त्याचं प्लगइन एकदा नेटवरनं उतरवून घ्यायला लागतं, नाहीतर प्रिंटर दिसतो पण कागद बाहेर येत नाही आणि माणूस चक्रावतो. काही जुन्या प्रिंटरला मात्र लिनक्सचा ड्रायव्हर मिळवताना घाम फुटतो. तुमच्या प्रिंटरचा मॉडेल नंबर इथं टाका, सांगतो.

आता मराठी टायपिंग, यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण शिक्षक लोक खरं इथंच नाराज होतात. बहुतेकांना सवय असते इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची, नाहीतर जुन्या लोकांना श्रीलिपी, कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या फाँटची. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजेस टाकली की आयट्रान्स आणि फोनेटिक या दोन्ही पद्धती मिळतात, म्हणजे इंग्रजी अक्षरांवरनं टाइप करणाऱ्याला अडत नाही, फक्त थोडे संकेत वेगळे आहेत, ते एका कागदावर छापून मॉनिटरशेजारी चिकटवा. पोरांना मात्र पहिल्या दिवसापासनं इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्डच शिकवा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट म्हणून आहे. डाव्या हाताला मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, लॉजिक एवढं साधं आहे की लहान पोरं आपल्यापेक्षा लवकर धरतात, आणि तोच लेआउट विंडोजवर पण असतो, त्यामुळं पुढं कुठंही गेली तरी वाया जात नाही.

श्रीलिपी, कृतिदेवमधल्या जुन्या फाईली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत फिरवून घ्यायला लागतील. तेही ऑफिस हलवायच्या आधी, निवांत. फिरवल्यावर रफार आणि ऱ्य, ऱ्ह ही अक्षरं हटकून तपासा, तिथं चुका राहतात, "कऱ्हाड" आणि "सुऱ्या"चं काहीतरी भलतंच होऊन बसतं.

आणि फाँट. तुमची वर्डमधली मराठी फाईल मंगलमध्ये असेल तर लिनक्सवर तो फाँट नसतो, दुसरा घेतला जातो, ओळी सरकतात, एका पानाचं पत्र दुसऱ्या पानावर सही घेऊन जातं. मुक्त परवान्याचे मराठी फाँट चांगले आहेत, मुक्ता आहे, नोटो आहे, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे. ऑफिसच्या विंडोज मशीनवर पण तेच टाका आणि सगळ्यांनी एकच फाँट वापरायचा ठरवून टाका. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून. एवढं केलं की निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत.


कृष्णाकाठी, सांगली

ताई, समितीला समजावायचंय म्हणालात म्हणून दोन-चार गोष्टी देतो, बैठकीत उपयोगी पडतील.

केरळनं हे आख्ख्या राज्यात केलंय. तिथं २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल म्हणून प्रकल्प सुरू झाला, पुढं त्याचीच २०१७ मध्ये काइट नावाची सरकारी कंपनी झाली. सरकारी शाळांतली मशीनं त्यांनी टप्प्याटप्प्यानं मुक्त सॉफ्टवेअरवर नेली, दहावीची आयटीची परीक्षा पण पोरं लिनक्सवर देतात. २०१९ मध्ये त्यांनी उबंटूवर बेतलेली स्वतःची नवी आवृत्ती काढली तेव्हा २ लाखाच्या वर मशीनवर ती जाणार आणि लायसनचे ३,००० कोटी वाचणार असं तिथनं सांगितलं होतं. पण मला त्या आकड्यापेक्षा त्यांची पद्धत मोठी वाटते. त्यांनी आधी शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली, पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर बेतून लिहिली, म्हणजे पुस्तकात जे चित्र आहे तेच पोराला स्क्रीनवर दिसतं. आणि २०१८ पासनं लिटल काइट्स म्हणून शाळाशाळांत मुलांचे क्लब काढले, लॅबची देखभाल करायला ती मुलंच मदत करतात. आपल्याकडं कॉम्प्युटर आले, कपाटात गेले, धूळ खाल्ली, याचं कारण सॉफ्टवेअर फुकट नव्हतं हे नाही, मशीन आलं आणि माणूस तयार केला नाही हे आहे.

नियमाचं विचाराल तर २०१२ च्या राष्ट्रीय शालेय आयसीटी धोरणात मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता, वाटता येणाऱ्या) सॉफ्टवेअरला पसंती द्यावी असंच म्हटलंय, आणि २०१५ मध्ये केंद्र सरकारनं आपल्या कार्यालयांसाठीही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरायचं धोरण काढलं. दीक्षा ॲप सगळे शिक्षक वापरतात, ते ज्या सनबर्ड नावाच्या सॉफ्टवेअरवर उभं आहे ते पण ओपन सोर्सच आहे. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात, हे समितीत ठामपणे सांगा.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, लिनक्स, लिब्रे ऑफिस रायटर, कॅल्क, इम्प्रेस, सगळं मराठीत आवाज दिलेलं आहे, एकेक दहा मिनिटांच्या आसपासचं. नुसतं बघायचं नसतं, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर तेच करत जायचं, अशीच त्याची रचना आहे. उतरवून ठेवले तर नेट पण लागत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स पण आहे, शाळांसाठी त्याचं एज्युबॉस आहे, पण तुमच्या जागी मी मिंटच घेईन, अडलं तर नेटवर उत्तर लगेच सापडतं.

आणि हातानं मदत पाहिजे असेल तर सांगलीतच वालचंद कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, ती पोरं या कामात मुरलेली असतात. दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सॉफ्टवेअर फ्रीडम डे असतो, त्या सुमाराला त्यांचे कार्यक्रम असतात. त्यांना शाळेतर्फे पत्र देऊन विचारून बघा, तासगाव काही लांब नाही.


शिवारातला_पालक, वाळवा

सगळं वाचलं, चांगलं चाललंय, पण पालक म्हणून मनातलं बोलतो, राग मानू नका. माझी मुलगी सातवीत आहे. पुढं एमएस-सीआयटी करायला लागतंय, तिथं विंडोज, वर्ड, एक्सेल. नोकरीत तेच. खाजगी इंग्लिश मीडियमची पोरं तेच शिकून येतात. मग आमच्या जि.प.च्या पोरांनीच वेगळं का शिकायचं? गरिबाची पोरं म्हणून त्यांना फुकटातलं द्यायचं असं तर होत नाही ना? पैसे कमी पडतात हे कळतंय पण पोरं मागं राहायला नकोत.


माणदेशी_मास्तर, दहिवडी

दादा, राग कशाला, हा प्रश्न आमच्या गावात पण पहिल्यांदा हाच आला होता आणि तो विचारायलाच पाहिजे.

कॅल्कमध्ये बेरजेला जे सूत्र तेच एक्सेलमध्ये, समचं सूत्र, इफचं, व्हीलुकअपचं, सगळं तेच, त्याच नावानं. रायटरमध्ये समास लावणं, तक्ता घालणं, पान क्रमांक टाकणं शिकलेल्या पोराला वर्डमध्ये फक्त बटण कुठं हाय एवढंच शोधायचं असतं. एका कंपनीचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला दुसऱ्या कंपनीचा द्यायला आपण कधी मागं-पुढं बघत नाही. आणि तुमची मुलगी नोकरीला लागेपर्यंत आज दिसतंय ते वर्ड तसंच राहणार हाय का? मी स्वतः एमएस-सीआयटी केलं तेव्हाचा मेनू आता कुठंच नाही.

फुकटातलं म्हणून कमी असंही नाही. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतोय, बँकांची, मोठ्या साईटची कितीतरी सर्व्हर त्याच्यावर चालत्यात. इंजिनिअरिंगला गेलेली आमची माजी पोरं सांगतात, पहिल्या वर्षाला लिनक्सची आज्ञा टाइप करायची काळी स्क्रीन बघून बाकीची बिचकतात, आम्ही बिचकत नाही.

आणि एक मोठा फायदा हाय जो पैशात धरता येत नाही. शाळेत वापरतंय तेच सॉफ्टवेअर पोर घरी घेऊन जाऊ शकतं, कायद्यानं, कुणाला न विचारता. घरी जुना लॅपटॉप असला, मामानं दिलेला असला, आम्ही पेनड्राइव्हवर देतो, तिथं तेच जीकॉम्प्रिस, तेच स्क्रॅच, तेच ऑफिस. विकतच्या सॉफ्टवेअरचं तसं देता येत नाही. ज्या घरात पैसा नाही त्याच घराला याचा जास्त उपयोग हाय, म्हणून मी म्हणतो जि.प.च्या शाळेनं हे सगळ्यात आधी करायला पाहिजे.

तरी पण पालकांच्या समाधानासाठी आम्ही एक मशीन दोन्ही सिस्टीमचं ठेवलंय, विंडोज आणि लिनक्स. सातवीची पोरं वर्षाच्या शेवटी त्याच्यावर वर्ड-एक्सेल बघून घेत्यात. फक्त त्याच्यावर नेट लावत नाही, सपोर्ट संपलेलं हाय ना.


शिवारातला_पालक, वाळवा

घरी नेता येतं हे माहिती नव्हतं. माझ्या भावाकडं जुना लॅपटॉप पडून आहे. आमच्या शाळेत पण विषय काढतो.


पाटी_पेन्सिल, तासगाव

सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं छापून समितीच्या बैठकीत वाचूनच दाखवलं. मुख्याध्यापक सर तयार आहेत, लॅब आधी, ऑफिस नंतर बघू असं ठरलं. दोघा-तिघांनी एसएसडीचे पैसे तिथंच कबूल केले.

आता दोन शंका. एक, हे मशीन डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत आहेत, विंडोज काढून टाकलं तर तपासणीत कुणी विचारेल का. दोन, आणि ही मला जास्त छळतेय, उद्या माझी बदली झाली तर? आमच्या शेजारच्या केंद्रात असंच एका सरांनी छान लॅब उभी केली होती, सर बदलून गेले आणि पासवर्ड कुणालाच माहिती नव्हता, खोलीला कुलूप लागलं ते लागलं. मला माझ्या मागं तसं व्हायला नकोय.

आणि हो, दोन्ही पेंटियम फोरवर पेनड्राइव्ह लावला तर काळ्या स्क्रीनवर ६४ बिटचा प्रोसेसर पाहिजे असं काहीतरी येऊन थांबतंय.


टाइपरायटर_ते_युनिकोड, कराड

डेडस्टॉक नोंदवहीत नोंद असते ती यंत्राची. त्यातली सिस्टीम बदलली म्हणून नोंद बदलत नाही. पण कागद नीट ठेवा. समितीचा ठराव घ्या, त्यात सपोर्ट संपल्याची तारीख लिहा, ठरावाची प्रत माहितीसाठी केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं द्या आणि पोच घ्या. कुठलं मशीन कुठल्या योजनेतनं आलं ते आधी तपासा. आयसीटी योजनेत बऱ्याच शाळांत बूट पद्धतीनं लॅब आल्या, म्हणजे पाच वर्षं पुरवठादार चालवणार आणि मग शाळेच्या ताब्यात देणार. तसलं असेल तर हस्तांतर झाल्याचा कागद फाईलला आहे ना बघा. देणगीतनं आलेल्या चार मशीनची देणगी म्हणून नोंद झालीय का तेही बघा, खूप ठिकाणी राहून जातं. कॅबिनेटवर विंडोजच्या लायसनचं स्टिकर असेल तर ते काढू नका, त्याचा फोटो फाईलला लावा. आणि बदललेल्या जुन्या हार्डडिस्का पिशवीत घालून मशीन नंबर टाकून कपाटात ठेवा, टाकून दिल्या तर मात्र प्रश्न येऊ शकतो.


माणदेशी_मास्तर, दहिवडी

मॅडम, बदलीचा प्रश्न विचारलात ते बरं झालं, सगळ्या कामाची मेख तिथंच हाय.

पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवा आणि चार्जपट्टीत (कार्यभार देण्या-घेण्याच्या यादीत) त्याचा उल्लेख करायला लावा, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी पाकीट पुढच्याच्या हातात जातं. पोरांना वेगळं साधं लॉगिन द्या, ज्याला काही इन्स्टॉल करता येत नाही, काही मोडत नाही. एक मशीन पूर्ण नीट लावून झालं की क्लोनझिला या सॉफ्टवेअरनं त्याच्या आख्ख्या डिस्कची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. पुढं कुठलंही मशीन बिघडलं तर ती प्रत परत टाकायची, शिकलेला माणूस नसला तरी चालतंय, कसं करायचं ते पायरी-पायरीनं मराठीत लिहून लॅबच्या दारामागं चिकटवा. तुमच्या शिवाय आणखी एक शिक्षक, शक्यतो एवढ्यात बदलीपात्र नसलेला, त्याच्या हातनं किमान एक मशीन पहिल्यापासनं करून घ्या. तुम्ही शेजारी उभं राहा, माऊसला हात लावू नका.

आणि पोरं. केरळवाल्यांचं वर आलंय तसंच. सहावीची चार-पाच पोरंपोरी घ्या, मुलींना मुद्दाम घ्या, त्यांना चालू-बंद करणं, वायर बघणं, अपडेट देणं, आवाज गेला तर काय बघायचं हे शिकवा. ती सातवीत गेली की खालच्यांना शिकवायची जबाबदारी त्यांची. शिक्षक बदलतात, पण गावातली पोरं गावातच असत्यात. आमच्याकडं प्रिंटर अडला तर मी आधी त्या पोरांना हाक मारतो.

पेंटियम फोरचं, तुमची ती जुन्या, ३२ बिटच्या प्रोसेसरची मशीनं हायत. नवीन मिंट ३२ बिटला येत नाही. डेबियन म्हणून लिनक्सचा दुसरा प्रकार हाय, त्याची १२ चालंल, २०२३ ची आवृत्ती, तिची सुरक्षा अपडेट २०२८ पर्यंत हायत, डेबियन १३ पासनं मात्र ३२ बिटवर इन्स्टॉल करायची सोयच काढून टाकलीय. माझं मत विचाराल तर त्या दोनवर वेळ घालवू नका. लाईट बिल जास्त, रॅम वाढवायची सोय नाही. एक उघडून पोरांना आतलं दाखवायला ठेवा, हा प्रोसेसर, ही रॅम, हा पंखा. पण डेडस्टॉकला हायत त्यामुळं सुटे भाग कुणाला द्यायचे नाहीत, आधी निर्लेखनाचा (नोंदवहीतनं कमी करायचा) प्रस्ताव, कराडच्या साहेबांनी त्याचा नमुना इथं टाकला तर बरं होईल.


टाइपरायटर_ते_युनिकोड, कराड

टाकतो. आमच्याकडं झालेल्या प्रस्तावातली नावं काढून, युनिकोडमध्ये, सोमवारी ऑफिस उघडल्यावर.


पाटी_पेन्सिल, तासगाव

डेबियनचा नाद सोडला मग, ती दोन बाजूला काढते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पहिला आय थ्री लावायला घेतोय, सेल आणून ठेवलेत. आमच्या चौथीच्या वर्गाचे सर अजून बदलीला पात्र नाहीत, त्यांनाच माऊस देणार आहे. प्रिंटरचा नंबर सोमवारी बघून टाकते.